उसना आकडा

पथ्यकाकांनी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेला शब्द म्हणजे ‘मीठ’. मीठ कमी करा. वरून मीठ घेऊ नका. मीठ सोडलंत का? तीस वर्षं, रोज शंभरेक वेळा. त्यांच्या औषधाच्या दुकानासमोर ओट्यावर एक मांजर बसायचं. त्याच्यापुढे कुणी खारं बिस्कीट टाकलं, तर ते आधी दुकानाकडे बघायचं आणि मग तोंड फिरवायचं, असं गल्लीतला शिंपी शपथेवर सांगायचा. शिंप्याच्या शपथेला फारसा भाव नव्हता, पण मांजर तोंड फिरवायचं हे खरं.

काकांचं खरं नाव दुकानाच्या परवान्यावर होतं आणि परवाना कपाटामागे गेला होता, त्यामुळे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. माणूस डोकेदुखीची एक गोळी घ्यायला आला तरी चार गोष्टी ऐकल्याशिवाय पायरी उतरायचा नाही, म्हणून ते पथ्यकाका. दाराशी एक काळा फळा होता आणि त्यावर ते रोज सकाळी खडूनं ‘आजचा सल्ला’ लिहायचे. सल्ले एकूण चार. मीठ कमी, रोज चाला, वेळेवर झोपा, पाणी प्या. चार संपले की पुन्हा पहिल्यापासून. पाचवा सल्ला शास्त्राला अजून सापडलेला नाही असं काकांचं मत होतं. आणि हे चार पाळणारा माणूस अजून जन्मायचाय, हा त्यांचा अनुभव.

“चाला काय चाला?” शिंपी म्हणायचा. “दिवसभर मशीनवर पाय चालतातच की माझे. एव्हाना चंद्रावर जाऊन परत आलो असतो.”

“बूड उठत नाही तोवर त्याला चालणं म्हणत नाहीत.”

“बूड उठवलं तर सदरे कोण शिवेल, तुमचा फळा?”

पलीकडची घरमालकीण झोपेची गोळी मागायला यायची. दुपारी झोपू नका, रात्री आपोआप लागेल, असं काकांनी सांगितलं की ती म्हणायची, “मग दुपारी करू काय? तुमचा फळा वाचत बसू? तो वाचला की जास्तच डुलकी लागते.”

काका हसायचे नाहीत आणि रागवायचेही नाहीत. पालथ्या घड्यावर पाणी ओतता ओतता एक अवस्था अशी येते की माणसाला घड्याचंही काही वाटत नाही आणि पाण्याचंही. त्या अवस्थेला ते केव्हाच पोचले होते. एकसष्टावं वर्ष चालू होतं. दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना ते दुसरीवर थांबायचे आणि स्वतःचाच फळा वाचल्यासारखं करायचे. सकाळी उठल्यावर मान अशी जड असायची, जणू रात्रभर कुणीतरी तिच्यावर गोण्या उतरवल्यात. यांतलं एकही लक्षण दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर काकांनी त्याला बखोट धरून डॉक्टरकडे नेलं असतं. स्वतःचं बखोट मात्र माणसाला सहसा सापडत नाही.

दर सोमवारी सकाळी दुकानात बीपी फुकट मोजून मिळायचं. काउंटरच्या कडेला एक उंच स्टूल होतं. गिऱ्हाइकानं त्यावर बसायचं, काकांनी दंडाला पट्टा बांधून बटण दाबायचं, पट्टा गुरगुरत फुगायचा आणि वरचा-खालचा आकडा यायचा. तो दरवर्षी नव्यानं घातलेल्या एका लांबड्या वहीत उतरायचा. वहीत गल्लीतल्या प्रत्येकाचं एकेक पान होतं आणि पहिलं पान काकांचं स्वतःचं होतं.

त्या पहिल्या पानावरचा एकही आकडा काकांचा नव्हता.

घडलं होतं ते असं. त्याच स्टुलावरून काकांचे वडील बासष्टाव्या वर्षी खाली आले ते पुन्हा उठलेच नाहीत. मग थोरला भाऊ, दादा, काकांच्या जोडीनं दुकान बघायला लागला. नऊ वर्षांपूर्वी, एकसष्टाचा असताना, एका सकाळी गंमत म्हणून त्यानं स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा बघितला. “मशीन बिघडलंय वाटतं रे,” एवढं म्हणाला आणि वडिलांच्याच जागी आडवा झाला. काकांकडे औषधशास्त्राची पदवी होती. आकडा बघितल्यानं रक्तदाब वाढत नाही, हे त्यांना पदवीनं शिकवलं होतं. तरीही आतल्या आत त्यांचं ठाम मत झालं, की दादा आकडा बघितला म्हणून गेला. न बघता तसाच दुकान उघडून बसला असता, तर आजही गोळ्या मोजत असता.

दादा गेल्यावर बाईंनी फर्मान काढलं. बाई म्हणजे काकांची बायको. तिनं छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं, अर्ध्या गल्लीला पाढे तिच्याच हातच्या छडीनं आले होते, म्हणून ती सगळ्या गल्लीची बाई. “अहो, दर सोमवारी तुमचाही आकडा वहीत पाहिजे,” ती म्हणाली. “दुपारी डबा घेऊन येईन तेव्हा बघणार मी.”

पहिल्या सोमवारी काका स्टुलावर बसले. पट्टा हातात घेतला. हात पट्ट्यात जाईना. लहान पोर जसं सदऱ्याची बाही नाकारतं, तसा हात नाकारत होता. तेवढ्यात पोस्टमन आला. सायकल आणि पाय यांवर जगणारा, सुतळीसारखा माणूस. त्याचं बीपी आलं एकशेअठरा आणि शहात्तर. असा सुरेख आकडा की फ्रेम करून लावावा. काकांनी तो पोस्टमनच्या पानावर लिहिला, आणि पेन हातात होतंच, पान उलटून स्वतःच्या पानावरही लिहिला.

दुपारी बाईंनी लाल पेनानं बरोबरची खूण केली.

आता कुणी म्हणेल, लबाडीच करायची तर मनानं एखादा आकडा ठोकून द्यायचा, दुसऱ्याचा कशाला? पण काकांना ते जमणारं नव्हतं. वडिलांनी शिकवलं होतं, औषधाच्या दुकानात मनचा आकडा लिहायचा नाही. जे लिहायचं ते तराजूतून नाहीतर यंत्रातून आलेलं पाहिजे. हा आकडा यंत्रातून आलेला होता, खरा होता. फक्त दंड दुसऱ्याचा. आणि एकदा पोस्टमनचा घेतला म्हटल्यावर पुढच्या सोमवारी शिंप्याचा घेणं, ही तर शुद्ध फसवणूक झाली असती! काका इतके प्रामाणिक होते की खोटंसुद्धा त्यांनी नऊ वर्षं एकाच माणसाचं लिहिलं.

पहिली सात वर्षं चांगली गेली. पोस्टमन रोज बारा मैल तुडवत होता आणि त्याच्या जोरावर काका घरी भरल्या ताटानं जेवत होते. मग पोस्टमनचा गुडघा गेला. साहेबानं त्याला पत्रं वाटण्यावरून काढून कचेरीत टपाल निवडायला बसवलं. सुतळीचा आधी दोर झाला, मग दोराचं बंडल. सोमवारचा आकडा चढायला लागला. एकशेचौतीस. एकशेबेचाळीस. एकशेपंचावन्न.

बाईंनी लाल पेन खाली ठेवलं आणि पळी उचलली. काकांच्या जेवणातलं मीठ आधी निम्मं झालं, मग पाव, मग आठवण राहावी म्हणून चिमूटभर, आणि शेवटी नुसतीच आठवण. तळलेलं बंद. नवाच्या ठोक्याला दिवा बंद. “तुमच्यासाठी वेगळं आणि माझ्यासाठी वेगळं कोण करत बसणार?” असं म्हणून बाईंनी स्वतःचंही मीठ सोडलं. दोन वर्षं एका घरात दोन माणसं पोस्टमनच्या बीपीवर जेवत होती आणि पोस्टमनला त्याचा पत्ता नव्हता.

तेव्हापासून काका पोस्टमनच्या मागे हात धुऊन लागले. गल्लीला वाटायचं, काय हा जिव्हाळा! पहाटे त्याच्या खिडकीवर टकटक करून त्याला फिरायला उठवायचे.

“काका, अठ्ठावीस वर्षं चाललो मी,” पोस्टमन अंथरुणातूनच ओरडायचा. “माझं या जन्माचं चालून झालंय! उरलेलं तुम्ही चाला.”

“डॉक्टरनं दिलेल्या गोळ्या घेतोस ना?”

“पाकीट नीट ठेवलंय.”

“ठेवलंय म्हणजे? फोडलं नाहीस?”

“अहो, आयुष्यभर पाकिटं पोचवली, फोडलं एक तरी? हात होत नाही.”

आणि काका? बिनमिठाची भाजी चार दिवस माणूस खाईल. पाचव्या दिवशी दुकानातल्या मांडणीकडे त्यांचं लक्ष गेलं. जुलाब झालेल्याला पाण्यातून द्यायची असते ती पुडी. मीठ, साखर, सगळं मापात. काकांनी एक पुडी फोडली आणि डब्यातल्या भाजीवर हलकेच शिंपडली. पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. त्या पावसाळ्यात सबंध गल्लीत जुलाबाचा एक रोगी नव्हता, तरी दुकानातल्या पुड्यांचं खोकं रिकामं झालं.

तर असं सगळं चाललेलं असताना तो सोमवार आला.

सकाळी पोस्टमन स्टुलावर बसला तो मागून डोकं दाबत. डोळे लाल. काकांनी पट्टा बांधला, बटण दाबलं. आकडा आला एकशेब्याण्णव आणि एकशेअठरा. काकांनी पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजलं. दोनानं वाढलाच होता.

“आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा.”

“आज सोमवार आहे काका, दोन दिवसांची पोती तुंबलीत. संध्याकाळी जातो.”

इथं काकांनी काय करायला हवं होतं, ते काकांना पाठ होतं. त्याचा हात धरायचा, आरडाओरडा करायचा, शटर ओढून त्याला घेऊन जायचं. तोंड उघडलंसुद्धा त्यांनी. पण ज्या तोंडानं तीस वर्षं तेच तेच सांगितलं, ते तोंड त्या दिवशी नेमकं संपलं. विहिरीचा तळ लागावा आणि पोहरा नुसताच वाजावा, तसं झालं. “बरं,” काका म्हणाले. “पण संध्याकाळी नक्की.”

पोस्टमन लंगडत गेला. काका कितीतरी वेळ पेन धरून बसले. पहिलं पान कोरं ठेवावं? बाईंच्या नजरेतून कोरी ओळ सुटायची नाही. दुसऱ्या कुणाचा आकडा? छे, छे. शेवटी त्यांनी लिहिला. एकशेचौऱ्याण्णव, एकशेअठरा. अक्षर मात्र बारीक काढलं, जणू त्यानं बीपी कमी होणार होतं.

दुपारी बाई डबा घेऊन आल्या. चष्मा लावला, वही ओढली, पहिलं पान उघडलं. आणि मग गिऱ्हाइकाच्या स्टुलावर मटकन बसल्या.

“हे काय आहे?”

“अगं, ऐक...”

“सकाळी आठ वाजता हे आलं आणि तुम्ही चार तास इथे उभे आहात? पुड्या बांधताय?”

“मला काही होत नाहीये. तू आधी—”

“बोलू नका!” बाई उठल्या. “तुमच्याच फळ्यावर होतं ना? बीपी चढलं की बोलू नये, स्वस्थ पडावं.”

तसं खरंच एकदा जागा उरली म्हणून काकांनी खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. तीस वर्षांत त्यांचा एक तरी सल्ला कुणीतरी लक्षात ठेवला होता, आणि तो नको तिथे निघाला. बाईंनी शटर ओढलं. समोरून रिकामी रिक्षा जात होती ती छत्रीनं अडवली. रिक्षावाला जुना विद्यार्थी निघाला. बाईंना बघून त्यानं तोंडातलं काहीतरी पटकन गिळलं आणि ताठ बसला.

“दवाखान्यात. आणि खड्डे चुकवत.”

“बाई, खड्डे चुकवले तर रस्ताच उरत नाही.”

“चुकव म्हणते ना!”

काकांनी दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा बाईंनी हातानं बंद केलं. मग त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांत घेऊन मांडीवर ठेवला आणि घट्ट धरला. काकांना आठवेना, बाईंनी आपला हात असा भर रस्त्यात शेवटचा कधी धरला होता. तळवे घामानं ओले होते. छत्तीस वर्षं खडूनं कोरडे राहिलेले ते हात. बाई रस्त्याकडे बघत होत्या आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या. काकांनी कान दिला. त्या सतराचा पाढा म्हणत होत्या. धीर सुटला की त्या सतराचाच म्हणायच्या. दादाला नेलं त्या दिवशीही म्हणत होत्या.

सतरा सातं एकोणीसाशेवर काकांच्यानं राहवलं नाही.

“तो आकडा माझा नाही.”

पाढा थांबला.

“पोस्टमनचा आहे. आज सकाळचा.”

“चुकून लिहिलात?”

काकांना पळवाट समोर दिसत होती, चांगली रुंद, झाडून ठेवलेली. “नाही,” ते म्हणाले. “दर वेळी त्याचाच लिहितो.”

“कधीपासून?”

“दादा गेल्यापासून.”

“दर सोमवारी?”

“दर सोमवारी.”

बाईंनी हात सोडला. रिक्षा एका खड्ड्यात जाऊन बाहेर आली. “नऊ बावन्न चारशेअडुसष्ट,” बाई शेवटी म्हणाल्या. “चारशेअडुसष्ट वेळा मी तो आकडा तपासला. वर्गात पोरं शेजाऱ्याच्या पाटीत बघून उत्तर लिहायची, लगेच ओळखायची मी. आणि घरात...” पुढचं त्यांनी सोडून दिलं. मग एकदम मान वळवली. “मग तो कुठंय? ज्याचा हा आकडा, तो माणूस कुठंय?”

“कचेरीत. पोती फोडतोय.”

“आणि तुम्ही त्याला जाऊ दिलंत?”

काकांनी मान खाली घातली. या प्रश्नाला दुसऱ्याचं उत्तर मिळणार नव्हतं.

“गाडी वळव रे!” बाई ओरडल्या. “टपाल कचेरी. आणि आता खड्डे गेले खड्ड्यात!”

पोस्टमन कचेरीच्या मागच्या खोलीत, जमिनीवर, पोत्याला पाठ लावून बसलेला सापडला. हातात शिक्का होता. समोर पाकिटांचा ढीग, आणि डाव्या अंगठ्यावर त्या दिवसाची तारीख उमटलेली.

“काका,” तो जड जिभेनं म्हणाला, “आज शिक्का जागेवर बसत नाहीये बघा. दोनदा माझ्यावरच मारला.”

काका तीन पायऱ्यांवर थांबणारे गृहस्थ, पण त्यांनी खाली वाकून पोस्टमनच्या काखेत हात घातला. रिक्षावाल्यानं दुसरी बाजू धरली. साहेब “रजेचा अर्ज?” असं काहीतरी म्हणत पुढे आला, बाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. तोही विद्यार्थीच असावा. एका रिक्षात तिघं, मध्ये पोस्टमन, दोन्ही बाजूंनी आधार. वाटेत त्यानं विचारलं, तुम्ही दोघं कसे काय आलात? बाई म्हणाल्या, “सांगा. आता सांगायला बसलाच आहात तर त्यालाही सांगा.”

काकांनी सांगितलं. पोस्टमन अंगठ्यावरची तारीख पुसत राहिला.

“म्हणजे पहाटे खिडकी वाजवायचात, मीठ सोड म्हणून मानगुटीवर बसायचात, ते...”

“अर्धं तुझ्यासाठी होतं.”

“आणि अर्धं?”

“भाजीसाठी.”

पोस्टमनला हसू आलं, पण ते तोंडाच्या एकाच बाजूला आलं. ते बघून काकांनी ‘जोरात घे’ म्हणून रिक्षावाल्याच्या पाठीवर थाप मारली. पुढं दवाखान्यापर्यंत कुणी हसलं नाही.

डॉक्टरीण तरुण होती आणि चटपटीत. तिनं पोस्टमनला आतल्या खाटेवर घेतलं, पडदा ओढला. आतून नर्सच्या चपला, बाटल्यांचा आवाज, मग शांतता. बाहेर बाकावर नवरा-बायको बसले, मधे एका माणसाची जागा सोडून. काकांनी त्या अर्ध्या तासात दादाचं सगळं मरण पुन्हा बघितलं. फक्त या वेळी स्टुलावर पोस्टमन होता आणि “बरं, संध्याकाळी” म्हणणारा आवाज त्यांचा स्वतःचा होता.

पडदा सरकला. “आकडा उतरतोय,” डॉक्टरीण म्हणाली. “दोन दिवस ठेवून घेणार आहे. तोंड बहुतेक सरळ होईल, बोलणंही. संध्याकाळी आणलं असतंत, तर मी काही सांगू शकले नसते. कुणाच्या लक्षात आलं?”

बाईंनी काकांना दंडाला धरून उठवलं.

“आता यांचं मोजा,” बाई म्हणाल्या.

“आधी दहा मिनिटं शांत बसू दे. धावपळीत आकडा खोटा येतो.”

“खोट्याची सवय आहे त्यांना,” बाई म्हणाल्या, पण बसल्या.

काका भिंतीला डोकं टेकून बसले. पंखा फिरत होता. करायला काही नव्हतं, सांगायला कुणी नव्हतं, लपवायला काही उरलं नव्हतं. पाचव्या मिनिटाला ते झोपले. साधेसुधे नाही; असे घोरायला लागले की आतून पोस्टमननं वाकड्या तोंडानं विचारलं, गिरणी कुठं चालू झाली? डॉक्टरीण पट्टा घेऊन आली. झोपेतला आकडा चालत नाही, त्यांना उठवा, असं म्हणाली. बाई काकांकडे बघत राहिल्या. उघडं तोंड, एका बाजूला कललेला चष्मा, सदऱ्याच्या खिशातून डोकावणारा खडू.

“राहू दे थोडं,” त्या म्हणाल्या. “नऊ वर्षं थांबलाय तो आकडा. अजून अर्धा तास थांबेल.”

काका जागे झाले तेव्हा बाही वर सरकवलेली होती आणि दंडाला पट्टा होता. हात मागे घ्यायला उशीर झाला होता. यंत्र गुरगुरलं, पट्टा आवळत गेला, आणखी आवळला. काकांनी डोळे घट्ट मिटले. कानात रक्त ठोके देत होतं आणि ते वाट बघत होते. कशाची, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. आता बाक निसटणार, आता छत खाली येणार.

पट्टा फुस्स करून सैल झाला. बाहेर कुणीतरी पंप मारून सायकलीत हवा भरत होतं.

“एकशेअडुसष्ट आणि एकशेचार,” डॉक्टरीण म्हणाली.

“एवढंच?” काकांनी डोळे उघडले.

“एवढंच काय? पुष्कळ आहे. आजपासून गोळी. मीठ किती खाता?”

“मिठाचं नावसुद्धा नाही घरात,” बाई ठासून म्हणाल्या. “दोन वर्षं झाली.”

काकांनी खाकरून घसा साफ केला. सांगायचं सांगून झालंय, असं त्यांना वाटलं होतं. “जुलाबाची पुडी,” ते म्हणाले. “भाजीवर. रोज एक.”

डॉक्टरीण हसायचं नाही म्हणून खिडकीकडे वळली. बाई वळल्या नाहीत. “मी दोन वर्षं अळणी खाल्लं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “तुमच्याबरोबर म्हणून.”

त्या बोलण्यानं पट्ट्यापेक्षा जास्त आवळलं.

मग डॉक्टरीण समोर बसली आणि काकांना समजावून सांगायला लागली. मीठ कमी करा. रोज चाला. वेळेवर झोपा. पाणी प्या. काकांनी प्रत्येकाला मान डोलावली. त्यांना कुणी हे सगळं बसवून, डोळ्यांत बघून सांगण्याची ही पहिलीच वेळ होती. सांगणारं माणूस किती कंटाळवाणं दिसतं, हेही त्यांना आज कळलं. आणि त्या पोरीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून, मी पाळीन हो, असं तिला उगाचच म्हणावंसं वाटलं. म्हणालेही.

रिक्षावाला थांबला नव्हता. दोघं चालत निघाले. पोस्टमनचा मुलगा संध्याकाळी दवाखान्यात येऊन पोचला होता, तेव्हा घाई नव्हती. अर्ध्या वाटेवर काकांना दम लागला. आज फळा वाचल्यासारखं करायलाही समोर काही नव्हतं, म्हणून ते सरळ म्हणाले, “मला जरा बसायचंय.” एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. बाईही बसल्या, मधे तशीच जागा सोडून. दोघांची सावली रस्त्यावर लांब पडली होती आणि माणसं ती तुडवत घरी जात होती.

“भीती कसली वाटायची?” बाईंनी विचारलं.

“दादानं आकडा बघितला आणि...”

“मला सांगायचं होतं.”

“सांगितलं असतं, तर तू मोजायला लावलं असतंस.”

“असतंच.” बाईंनी चष्मा पदरानं पुसला. “मी मात्र तुम्हाला हे लवकर माफ करणार नाही. आधीच सांगून ठेवते.”

“बरं.”

“‘बरं’ म्हणू नका. आज एकदा म्हणालात तेवढं पुष्कळ झालं.”

काकांनी नुसती मान डोलावली.

“किती आला आज?”

“तू ऐकलास की.”

“तुमच्या तोंडून.”

काकांनी आजूबाजूला बघितलं. “एकशेअडुसष्ट,” ते पुटपुटले. “एकशेचार.”

“ऐकू आलं नाही. शेवटच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे.”

“एकशेअडुसष्ट आणि एकशेचार.”

“कुणाचा?”

एक मुलगी पिशवी घेऊन जाता जाता थबकली आणि या दोन म्हाताऱ्यांकडे बघत पुढे गेली. काकांनी घाम पुसला. पाय दुखत होते, मान दुखत होती, आणि दुखतंय हे म्हणायला आता हरकत नव्हती.

“माझा,” ते म्हणाले.

बाईंनी मान हलवली आणि त्या मधे सोडलेल्या जागेत सरकून बसल्या. “उद्या सकाळी पुन्हा मोजायचंय,” त्या म्हणाल्या. “उठायचं का आता?”

“अजून जरा वेळ.”

“बसा,” बाई म्हणाल्या.